पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स, इम्प्रेस, कॅनव्हा: फळ्याशेजारी कोण टिकतं?

सादरीकरणाचं सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण थीम किती आहेत, तयार चित्रं किती मिळतात, ॲनिमेशन किती प्रकारची आहेत हे बघतात. शिकवताना कामाला येतात त्या गोष्टी वेगळ्याच. मजकूर पायरीपायरीने उघडता येतो का? मध्येच थांबून पडदा कोरा करता येतो का? चालू स्लाइडवर हाताने लिहिता येतं का? आणि घरी बनवलेली फाइल वर्गातल्या संगणकावर जशीच्या तशी उघडते का? या चार प्रश्नांवर ही चार सॉफ्टवेअर तपासली आहेत.

निकाल आधीच सांगून टाकू. पहिल्या तीन प्रश्नांत संगणकावर इन्स्टॉल केलेलं पॉवरपॉइंट पुढे आहे. चौथ्यात, इंटरनेट भरवशाचं असेल तर, गूगल स्लाइड्स बाजी मारतं. जुने संगणक किंवा लिनक्स असेल तिथे लिब्रेऑफिस या मोफत संचातलं इम्प्रेस घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. कॅनव्हा भित्तिपत्रक, मुखपृष्ठ, स्नेहसंमेलनाची सूचना यासाठी उत्तम, पण रोजच्या तासाला त्याचा उपयोग कमी.

पॉवरपॉइंट जन्मलं १९८७ च्या एप्रिलमध्ये, मॅकिंटॉशसाठी. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. कार्यालयातल्या बैठकांसाठी पारदर्शिका तयार करणं हे त्याचं मूळ काम. नवी स्लाइड उघडली की वर शीर्षक आणि खाली बुलेट असा साचा समोर येतो, तो त्या वळणाचाच. बैठकीत विषय ठाऊक असलेल्या माणसांना मुद्द्यांची आठवण करून द्यायची असते, वर्गात विषय पहिल्यांदाच उघडायचा असतो. म्हणून नवी स्लाइड घेतली की पहिलं काम करा: लेआउट 'ब्लँक' किंवा 'टायटल ओन्ली' ठेवा. बुलेटचा रिकामा चौकोन समोर असला की तो भरायचा मोह होतोच, मग पाठ्यपुस्तकातला परिच्छेद भिंतीवर जातो आणि शिक्षक तो वाचून दाखवू लागतो. तोच मजकूर एकाच वेळी डोळ्यांनी वाचणं आणि कानांनी ऐकणं यामुळे चित्राकडे लक्ष द्यायला जागा उरत नाही, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेलं आहे. बोलायचं ते बोला आणि पडद्यावर फक्त बघायची गोष्ट ठेवा.

पायऱ्या: कंट्रोल-डी की ॲनिमेशन?

वर्गातल्या कामासाठी पॉवरपॉइंटमधली सर्वांत मोलाची कळ कंट्रोल-डी आहे, म्हणजे आहे त्या स्लाइडची हुबेहूब प्रत. ॲनिमेशनच्या पट्टीकडे जाण्याआधी ही कळ वापरून बघा.

७३५ भागिले ६ हा भागाकार घ्या. मुलांना एका वेळी एकच गोष्ट दिसायला हवी: भाग किती वेळा लागला, गुणाकार किती आला, वजाबाकी किती उरली, पुढचा अंक खाली घेतला. पहिल्या अंकाला अशा चार पायऱ्या, दुसऱ्याला चार आणि शेवटच्याला तीन, कारण खाली घ्यायला अंकच उरत नाही. झाल्या अकरा. सुरुवातीची कोरी मांडणी धरून बारा स्लाइड.

त्या बनवायच्या उलट्या क्रमाने. आधी पूर्ण सोडवलेला भागाकार एका स्लाइडवर मांडा, भागाकार १२२, बाकी ३. प्रत्येक अंकाला स्वतंत्र टेक्स्ट बॉक्स द्या. सगळं एकाच चौकोनात लिहिलं तर एक अंक काढताच बाकीचे सरकतात आणि स्लाइड पुढे नेताना गणित पडद्यावर नाचतं. आता कंट्रोल-डी दाबा, दोन सारख्या स्लाइड होतील. त्यांतल्या पहिलीवर जा आणि शेवटचा ३ पुसा. तिची पुन्हा प्रत काढा, पुन्हा पहिलीवर जाऊन त्याच्या आधीचा १२ पुसा. असं करत कोऱ्या मांडणीपर्यंत मागे या. शेवटी प्रत्येक स्लाइडवर नव्याने आलेला अंक तेवढा गडद निळा किंवा केशरी करा, जुने काळेच राहू द्या. ट्रान्झिशन, म्हणजे स्लाइड बदलतानाचा दृश्य परिणाम, 'नन' ठेवा. 'फेड' ठेवलं तर नवा अंक हळूहळू उमटतो आणि तो कुठे आला ते नजरेतून निसटतं.

हे काम ॲनिमेशननेही होतं. एकाच स्लाइडवर अकरा 'अपिअर' लावले की झालं, बनवायला वेळही कमी लागतो. अडचण वर्गात येते. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "ते १३ कुठून आले?" बारा स्लाइडच्या मांडणीत ५ दाबून एंटर करा, पडद्यावर तीच पायरी हजर, कारण ३ खाली घेतल्याची ती पाचवी स्लाइड. ॲनिमेशन असेल तर पेज-अप दाबत एकेक पायरी मागे जावं लागतं, अंकाची कळ फक्त स्लाइडवर नेते, स्लाइडच्या पोटातल्या पायरीवर नेत नाही. शिवाय कंट्रोल-डीने केलेली फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये, पीडीएफमध्येसुद्धा, त्याच क्रमाने चालते. व्याकरणातला वाक्यविग्रह, रासायनिक समीकरणाचं संतुलन, नकाशावर एकेक नदी उमटवणं, भूमितीतली सिद्धता, सगळ्याला हीच रीत लागू पडते.

ॲनिमेशनला खरं काम कुठे आहे? उत्तरांचा क्रम आधी ठरवता येत नाही तिथे. फुलाच्या उभ्या छेदाचं चित्र घ्या. कोणतं मूल कोणता भाग आधी ओळखेल सांगता येत नाही, म्हणून नावं एकामागून एक न येता बोट ठेवू तिथली यायला हवीत. यासाठी 'ट्रिगर' आहे, आणि फार थोडे शिक्षक तो वापरतात.

चित्र ठेवा. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग यांच्यावर एकेक छोटं वर्तुळ काढा. शेजारी नावांचे चार टेक्स्ट बॉक्स. आता ऑल्ट-एफ१० दाबून सिलेक्शन पेन, म्हणजे स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी, उघडा. तिथे 'ओव्हल ७', 'टेक्स्टबॉक्स १२' अशी निरर्थक नावं दिसतील. ती बदला: 'टिंब पुमंग', 'नाव पुमंग'. ही पायरी गाळली तर पुढच्या यादीत कोणतं वर्तुळ कोणाचं हे कळत नाही आणि हमखास चूक होते. नंतर 'नाव पुमंग' निवडून 'अपिअर' लावा, ॲनिमेशन्सच्या पट्टीत ट्रिगर, ऑन क्लिक ऑफ, 'टिंब पुमंग'. दुसऱ्या क्लिकला नाव पुन्हा लपावं असं वाटत असेल तर 'ॲड ॲनिमेशन' मधून 'डिसअपिअर' जोडा आणि त्यालाही तोच ट्रिगर द्या. इथे 'ॲड ॲनिमेशन' च्या ऐवजी वरच्या गॅलरीतून निवडलं तर पहिलं ॲनिमेशन पुसून त्याच्या जागी दुसरं बसतं. या कामात सर्वाधिक होणारी चूक हीच.

वर्गात फसतं ते असं: मुलाचा नेम वर्तुळावर न लागता शेजारी लागतो आणि स्लाइडच पुढे जाते. ट्रान्झिशन्सच्या पट्टीत उजवीकडे 'ऑन माउस क्लिक' ची खूण काढून टाका. मग माउसने स्लाइड पुढे जात नाही, कीबोर्डचा बाण मात्र चालू राहतो. वर्तुळ फार लहान असेल तर त्याच्यावर मोठा, पूर्ण पारदर्शक आकार ठेवून ट्रिगर त्याला द्या. 'नो फिल' ठेवू नका, रंग भरून ट्रान्सपरन्सी १०० टक्के करा, कारण रंग न भरलेल्या आकाराच्या पोटात क्लिक लागत नाही. आणि हातातल्या रिमोटने ट्रिगर चालत नाही. साधा रिमोट पेज-अप, पेज-डाउन अशा कळाच पाठवतो, इथे प्रत्यक्ष माउस किंवा बोटच लागतं.

'मॉर्फ' हे आकार एका जागेवरून दुसरीकडे सरकत नेणारं ट्रान्झिशन मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत आहे. त्रिकोणाचे तीन कोपरे कापून एका सरळ रेषेवर जोडायचे आणि कोनांची बेरीज १८० अंश दाखवायची असेल तर याच्याइतकं सोपं साधन नाही. पहिल्या स्लाइडवर त्रिकोण, तिची प्रत काढून कोपरे हलवा, दुसरीला मॉर्फ द्या. सारख्या दिसणाऱ्या आकारांत त्याचा गोंधळ होतो, तेव्हा सिलेक्शन पेनमध्ये दोन्ही स्लाइडवर त्याच आकाराला दोन उद्गारचिन्हांनी सुरू होणारं एकच नाव द्या, म्हणजे कोणता कोपरा कुठे जायचा ते पक्कं होतं. बाकीची फिरणारी, उसळणारी, गिरक्या घेणारी ॲनिमेशन्स वर्गात घेऊ नका. मुलं ती पुढची कधी येते याचीच वाट बघत बसतात.

अक्षर किती मोठं?

"पुरेसं मोठं ठेवा" या सल्ल्याचा काही उपयोग नाही. हिशेब करता येतो. पॉवरपॉइंटची स्लाइड ७.५ इंच उंच असते, म्हणजे ५४० पॉइंट. भिंतीवर चित्राची उंची १.२ मीटर असेल तर १८ पॉइंटचा टाइप तिथे ४ सेंटीमीटरचा होतो. देवनागरीत त्यातला साधारण अर्धाच भाग अक्षराच्या अंगाला मिळतो, बाकी वेलांट्या, मात्रा, उकारांत जातो. म्हणजे अक्षर २ सेंटीमीटरचं. शेवटचा बाक ९ मीटरवर असेल तर ते पुस्तक हातात धरून ६ पॉइंटचा टाइप वाचण्यासारखं आहे, औषधाच्या चिठ्ठीवरच्या बारीक छपाईसारखं. २८ पॉइंट म्हणजे हातातला साधारण ९ पॉइंटचा टाइप, वाचता येतो पण कष्टाने. ३६ पॉइंट ठेवला तर पुस्तकातल्या नेहमीच्या १२ पॉइंटएवढा दिसतो. म्हणून अशा खोलीत मुख्य मजकूर ३६, आकृतीतली नावं २८ च्या खाली नाहीत.

खोली वेगळी असेल तर आकडेमोड न करता तपासायची युक्ती आहे. शेवटच्या बाकापासून पडद्यापर्यंतचं अंतर घ्या आणि पडद्यावरच्या चित्राच्या उंचीने भागा. वरच्या उदाहरणात ९ भागिले १.२, म्हणजे ७.५. तुमच्या लॅपटॉपचा पडदा १९ सेंटीमीटर उंच असेल तर १९ गुणिले ७.५, साधारण १ मीटर ४० सेंटीमीटर. घरी स्लाइड शो लावून तेवढं मागे उभं राहा. जे तिथून वाचता येत नाही ते शेवटच्या बाकावरही वाचता येणार नाही.

इतकं करूनही अक्षर वर्गात बारीक दिसलं तर बहुधा 'ऑटोफिट' चा हात असतो. ओळी वाढल्या की पॉवरपॉइंट गुपचूप टाइप कमी करतं, ३६ चा २४ कधी झाला ते लक्षातही येत नाही. चौकोनावर उजवं क्लिक, फॉरमॅट शेप, टेक्स्ट ऑप्शन्स, टेक्स्ट बॉक्स, तिथे 'डू नॉट ऑटोफिट' निवडा. मग मजकूर चौकोनाबाहेर ओघळला तर सरळ कळतं की ही एक स्लाइड नसून दोन आहेत.

देवनागरीच्या आणखी दोन-तीन गोष्टी. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या टंकांत केलेली फाइल तो टंक नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गुंता दाखवते. असं जुनं साहित्य हाताशी असेल तर ते एकदाच युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतात, बदलून घ्या, दर वर्षी टंक शोधत बसू नका. युनिकोडमध्ये टंक नसला तरी मजकूर वाचता येतो, मात्र दुसरा टंक त्याची जागा घेतो आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. विंडोज ८ पासून निर्मला यूआय सगळीकडे असतो, त्याआधी मंगल होता. मॅकवर साधारणतः कोहिनूर देवनागरी दिसतो. वेगळा टंक हवाच असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' ची खूण करा. तिथे दोन पर्याय येतात. फक्त वापरलेली अक्षरं साठवली तर फाइल लहान राहते, पण वर्गात ऐनवेळी दुरुस्ती करताना नवं अक्षर त्या टंकात मिळत नाही. सगळी अक्षरं साठवा.

लहान मुलांना अक्षरओळख शिकवताना टंक आणखी जपून निवडावा. संगणकावरच्या बहुतेक देवनागरी टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. मूल वहीत मराठी वळण गिरवतं आणि पडद्यावर भलतंच बघतं. टिरो देवनागरी मराठी या मोफत टंकात मराठी वळण मिळतं. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' मधला आडवा रफार नीट येतो का हेही एकदा पाहून घ्या. काही टंकांत तिथे पाय मोडलेला र उमटतो. ओळींमधलं अंतर 'मल्टिपल' १.१ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

रंगांबद्दल थोडक्यात: प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. दिवे लागलेल्या खोलीत पडदा जेवढा उजळ, तेवढाच त्यावरचा 'काळा'. म्हणून उजेडाच्या वर्गात फिकट पार्श्वभूमी आणि गडद अक्षर. स्मार्ट पॅनलवर मात्र शुभ्र पांढरा डोळ्यांना टोचतो, किंचित पिवळट छटा घ्या. लाल आणि हिरवा यांतला फरक काही मुलांना दिसत नाही, त्यामुळे बरोबर-चूक दाखवताना रंगासोबत खूणही द्या.

थांबणं आणि लिहिणं

शिकवता शिकवता मुलांनी पडद्याऐवजी तुमच्याकडे किंवा वहीकडे बघायला हवं असेल तर बी दाबा, पडदा काळा. पुन्हा बी, स्लाइड परत. डब्ल्यू दाबलं तर पांढरा, आणि प्रोजेक्टर पांढऱ्या फळ्यावर पडत असेल तर त्या कोऱ्या उजेडात मार्करने लिहिता येतं. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स आणि इम्प्रेस तिन्हींत या कळा सारख्याच. चालू स्लाइडपासून शो सुरू करायला शिफ्ट-एफ५. नुसतं एफ५ दाबून पहिल्या स्लाइडपासून पंचवीस वेळा बाण दाबत जाणारे खूप दिसतात.

पेनसाठी कंट्रोल-पी, लिहिलेलं सगळं पुसायला ई, बाणावर परतायला कंट्रोल-ए. पेन हातात असताना माउस-क्लिकने स्लाइड पुढे जात नाही, कीबोर्ड वापरावा लागतो. हे ठाऊक नसलं की "अडकलं, अडकलं" म्हणून सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं जातं. शो संपताना शाई ठेवायची का असं विचारलं जातं. 'डिस्कार्ड' म्हणा. 'कीप' म्हणून फाइल सेव्ह केली तर पुढच्या तुकडीला उत्तरं आधीच लिहिलेली दिसतात. वर्गाने मिळून लिहिलेलं जपायचं असेल तर ती फाइल तुकडीच्या नावाने वेगळी ठेवा.

प्रेझेंटर व्ह्यूमध्ये शिक्षकाच्या पडद्यावर टिपणं आणि पुढची स्लाइड दिसते, मुलांना फक्त चालू स्लाइड. त्यासाठी विंडोज-पी दाबून 'एक्स्टेंड' निवडावं लागतं. 'डुप्लिकेट' राहिलं तर दोन्हीकडे एकच चित्र. कधी उलटं होतं, टिपणं भिंतीवर आणि स्लाइड लॅपटॉपवर. तेव्हा 'स्वॅप' चं बटण तिथेच असतं, घाबरून वायर काढू नका. दुसरा पडदा नसताना घरी सराव करायचा तर ऑल्ट-एफ५.

मुलांना विचार करायला ठरावीक वेळ द्यायचा तर मिनिटांचं घड्याळ पॉवरपॉइंटमध्ये तयार मिळत नाही, करावं लागतं. पडद्याच्या खाली एक लांब पट्टी काढा, तिला बाहेर जाणारं 'वाइप' द्या, दिशा 'फ्रॉम राइट', ड्युरेशन ३० सेकंद. दोन मिनिटं हवी असतील तर अशा चार पट्ट्या एकीखाली एक ठेवून नंतरच्या तिन्ही 'आफ्टर प्रीव्हियस' करा. आकडे पळणाऱ्या घड्याळापेक्षा हळूहळू आक्रसणारी पट्टी बरी, लहान मुलांनाही तिचा अर्थ लागतो.

बाकीची तीन

गूगल स्लाइड्सचं बळ शिकवण्यापेक्षा मुलांकडून करून घेण्यात आहे. एकच फाइल, प्रत्येक गटाला एक स्लाइड, आणि कोण काय भरतंय ते शिक्षकाला तिथल्या तिथे दिसतं. अडचणीही त्यातूनच येतात. सगळ्यांना संपादनाचा हक्क असल्याने कोणाची तरी स्लाइड कोणाकडून तरी पुसली जाते. आधीच स्लाइडवर गट क्रमांक घाला, आणि पुसलंच तर फाइलच्या मेनूतून व्हर्जन हिस्टरी उघडून आधीची स्थिती परत आणा. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत द्यायची असेल तर दुव्याच्या शेवटचा 'एडिट' पासून पुढचा भाग काढून तिथे इंग्रजीत 'कॉपी' लिहा. दुवा उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत बनवायची विचारणा होते आणि तुमची मूळ फाइल शाबूत राहते.

टंक वेबवरूनच येत असल्याने देवनागरी प्रत्येक संगणकावर सारखी दिसते. 'मोअर फॉन्ट्स' मध्ये लिपीच्या यादीतून देवनागरी निवडली की पर्याय समोर येतात. ॲनिमेशन मात्र मोजकी, आणि पॉवरपॉइंटमधले ट्रिगर इथे आणले की गळून पडतात. १०० एमबीपेक्षा मोठी पॉवरपॉइंट फाइल स्लाइड्समध्ये बदलता येत नाही. इंटरनेट गेलं तरी चालावं म्हणून ऑफलाइनची सोय आहे, पण ती आधी नेट असताना चालू करून ठेवावी लागते. स्लाइडमध्ये जोडलेला यूट्यूबचा व्हिडिओ तेव्हाही चालत नाही.

इम्प्रेस लिब्रेऑफिसचा भाग आहे, मोफत आणि मुक्त. दमलेल्या संगणकावरही ते चालतं. सगळं काम त्याच्यातच केलं तर तक्रारीला जागा थोडी. त्रास होतो तो पॉवरपॉइंटमध्ये केलेली फाइल इथे उघडताना. स्मार्टआर्टच्या, म्हणजे पॉवरपॉइंटमधल्या तयार साच्यांच्या, आकृत्या विसकटतात, मॉर्फ जातं, चौकोनातला मजकूर खाली सरकतो. ज्या शाळेत घरी पॉवरपॉइंट आणि वर्गात इम्प्रेस अशी स्थिती आहे, तिथे वर सांगितलेली कंट्रोल-डीची रीत हाच तोडगा. स्मार्टआर्ट वापरलंच असेल तर ते कापून चित्र म्हणून परत चिकटवा. टंक साठवायची सोय फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, फॉन्टच्या पानावर आहे.

कॅनव्हातली चित्रं देखणी, साचे तयार, आणि शिक्षकांना शिक्षण-खातं मोफत मिळतं. पण साचे सजावटीभोवती रचलेले असतात. अर्धी स्लाइड वेलबुट्टीत जाते, आकृतीला कोपरा उरतो. शो चालू असताना इथे बी दाबलं तर पडदा काळा न होता धूसर होतो, आणि अंकाची कळ स्लाइडवर न नेता तेवढ्या मिनिटांचं घड्याळ लावते. ते घड्याळ चांगलं आहे, मात्र पॉवरपॉइंटची सवय असलेल्या बोटांनी हे आधी जाणून घ्यावं. पॉवरपॉइंट फाइल म्हणून उतरवून घेतलं की टंक बदलतात आणि ओळी तुटतात. शीर्षकाचं चित्र कॅनव्हात करून पीएनजी म्हणून बाकीच्या धड्यात वापरणं हा मधला मार्ग चालतो.

व्हिडिओ, आवाज, फाइलचा आकार

व्हिडिओ एच.२६४ या सर्वत्र चालणाऱ्या प्रकारातला एमपी४ असावा. नव्या फोनवरचं चित्रण बरेचदा एचईव्हीसी या नव्या प्रकारात असतं आणि वर्गातल्या संगणकावर फक्त काळा चौकोन दिसतो, आवाज तेवढा येतो. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ते बदलता येतं. एचडीएमआय जोडताच आवाज प्रोजेक्टरकडे वळतो आणि स्पीकर मुके होतात. टास्कबारवरच्या स्पीकरच्या खुणेतून आउटपुट बदला.

फाइल फुगली असेल तर कारण फोटो. 'इन्सर्ट' केलेला फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. चित्र निवडा, पिक्चर फॉरमॅट, कॉम्प्रेस पिक्चर्स, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' ची खूण, आणि १५० पीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके. प्रोजेक्टरला तेवढं पुरतं. फक्त या चित्रापुरतं अशी खूण असेल ती काढा, म्हणजे सगळ्या फाइलला लागू होतं. कापलेल्या भागात मुलांचे चेहरे किंवा गुणपत्रक राहिलं असेल तर ही खूण आणखी महत्त्वाची, कारण फाइल मिळालेला कोणीही क्रॉप मागे घेऊन ते बघू शकतो.

तास झाल्यावर मुलांना काय द्यायचं? थेट पीडीएफ काढली तर ॲनिमेशनचा प्रत्येक थर एकमेकांवर छापला जातो. प्रश्नावर उत्तर, बाणावर बाण, आणि पान वाचण्याजोगं राहत नाही. अशी स्लाइड असेल तर छपाईसाठी तिची एक साधी प्रत करा आणि मूळ स्लाइड 'हाइड' करा. छापताना 'प्रिंट हिडन स्लाइड्स' ची खूण काढायला विसरू नका. कंट्रोल-डीच्या बारा स्लाइडमधून मात्र पहिली, पाचवी, नववी आणि बारावी एवढ्याच निवडून छापा. छपाईत 'हँडआउट्स', पानावर ३ स्लाइड हा पर्याय घेतला की प्रत्येक चित्राशेजारी लिहायला रेघा येतात. त्या रेघांवर मधल्या पायऱ्या मुलांनी स्वतः लिहायच्या.